लाली घालवणारे थेंब

"डोळे आले" हे दोन शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारले की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जळगावात कुणाचा डोळा लाल दिसायचा अवकाश, समोरचा चार पावलं मागे सरतो, मान वळवतो आणि दुरूनच निकाल देऊन टाकतो. डोळे आलेत, बघू नका तिच्याकडे. माझा उजवा डोळा या निकालानं घालवला. पुरता गेला नाही, पण मधोमध असा धूर बसलाय की त्या डोळ्यानं मला सुईचं नेढं दिसत नाही, आणि मी शिवणकाम करणारी बाई आहे. गल्लीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज माझ्या मशीनवर शिवले गेलेत. आता हूक-काजाच्या सुयांत दोरा माझी मुलगी ओवून देते. सकाळी दहा सुया ओवते, उशीला टोचते आणि मग कॉलेजला जाते.

हे सगळं सुरू झालं बिबड्यांवरून. खानदेशाबाहेरच्या माणसाला बिबडे म्हणजे काय ते सांगावं लागतं. ज्वारीचा पापडच तो, पण ज्वारी आधी तीन दिवस पाण्यात ठेवून चांगली आंबू द्यायची. तिसऱ्या दिवशी घरभर असा वास सुटतो की नवखा पाहुणा दारातूनच परतावा. मग ती उपसून, भरडून, लसूण, तीळ, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची. हा झाला घाटा. गरम घाट्याचा गोळा ओल्या धोतरावर ठेवायचा आणि ओल्या हातानं इतका पातळ थापायचा की खालचं कापड दिसलं पाहिजे. गार झाला की घाटा थापला जात नाही, म्हणून हे एका बाईचं काम नव्हेच. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात घरोघरचे दिवस ठरलेले असतात. आज हिचे बिबडे, परवा तिचे. जमायचं सगळ्यांनी एकाच गच्चीवर, अक्कांच्या. अक्का म्हणजे समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या, मूळच्या अमळनेरकडच्या, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाहीत, आणि गल्लीत त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. तुम्ही दुसरीच्या दिवशी गेलात तर दुसरी तुमच्या दिवशी येणार. नाही गेलात तर बसा एकट्या.

माझा हात बिबड्यांना चांगला. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनंच सांगते. माझं माहेर सोनगीरचं, आईनं मला लिहायच्या आधी थापायला शिकवलं. गच्चीवर पहिला गोळा नेहमी माझ्यापुढे यायचा.

दोन वर्षांपूर्वी, ऐन बिबड्यांच्या दिवसांत, एका सकाळी माझा उजवा डोळा लाल झाला. ठणका लागला होता, आणि उजेडाकडे बघितलं की काटे टोचल्यासारखं व्हायचं. तरी पदर खोचून वर गेले. अक्कांनी नुसती एक नजर टाकली.

"माय वं! डोया उना तुना. खाले जाय."

बाकीच्यांनी लगेच तोंडावर पदर घेतले. कुणीतरी म्हणालं, पाळी आलेल्या बाईला नाही का आपण घाट्याला हात लावू देत, तसंच हे. अक्का म्हणाल्या, "बठ्ठा बिबडा नासी जातीन." सगळे बिबडे नासतील म्हणे. जिना उतरताना माझ्या मागे हसणं ऐकू आलं. मला हसत नव्हत्या त्या, दुसऱ्याच कशाला हसत होत्या. पण मला ते अजून आठवतं. तासाभरानं माझ्या वाट्याचा घाटा आला. वाटीवर बशी झाकून अक्कांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवला आणि वरूनच हाळी दिली, "ठेवलाय गं!" दारापर्यंत कुणी आलं नाही, माझं तोंड दिसेल म्हणून.

घरात माझीही ज्वारी बादलीत भिजत होती. माझ्या दिवशी एकही जण आली नाही. मी एकटीनं स्वयंपाकघरात घाटा ढवळला, खालून लागला. थापले तेवढे थापले, बाकीचा गायीपुढे टाकला. गायीनंसुद्धा आधी हुंगून बघितला.

औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदारानं डोळे आल्याचे थेंब दिले. तीन आठवड्यांनी डोळा आपसूक उतरला. वर्षभरात आणखी दोनदा आला आणि गेला. दरवेळी निकाल तोच. आमचे हे फैजपूरहून केळीची गाडी भरून आणतात, रोज शंभर माणसांत असतात, त्यांना काही झालं नाही. मुलगी माझ्या कुशीत झोपते, तिला काही झालं नाही. अहो, लागण होते म्हणता, तर मग घरात एकालाही कशी लागली नाही? हा साधा प्रश्न अख्ख्या गल्लीत एकीलाही पडू नये? आणि गल्लीचं सोडा, मला तरी कुठे पडला!

दुसऱ्या वर्षी अक्कांचा दिवस दोन दिवसांवर आला आणि डोळा टोचायला लागला. मला आधी ती हुंगणारी गाय आठवली. मी सरळ औषधाच्या दुकानात गेले. आता ऐका मी काय मागितलं. माझ्या डोळ्याला काय झालंय, असं मी विचारलंच नाही. मी म्हणाले, डोळा पांढरा दिसला पाहिजे, असं काहीतरी द्या. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे न बघता बोटाएवढी बाटली पुढे सरकवली.

"लाली घालवते ताई. लग्नघरचे लोक नेतात."

आणि खरंच गेली की लाली! आरशात बघितलं तर डोळा दुधासारखा. मी वर गेले, पहिला गोळा माझ्यापुढे आला. पांढऱ्याशुभ्र धोतरावर एप्रिलचं ऊन पडलेलं, त्याकडे बघताना जीव नकोसा व्हायचा. मी उन्हाकडे पाठ करून बसले. पाणी खांद्याला पुसलं, मिरचीची धग लागली म्हणाले. अक्का खूश होत्या. "हात शे का मशीन शे!" असं सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि मी मूर्ख बाई त्यावर दिवसभर फुलून राहिले. माझ्या दिवशी सगळ्या आल्या. मग हिचे, मग तिचे, असे तीन आठवडे मी कमरेला बाटली खोचून गच्चीवर चढत होते. शेवटी एका सकाळी केस विंचरताना आरशात नीट बघितलं. उजव्या डोळ्यातली काळी बाहुली गोल राहिली नव्हती. भाकरीची कड कुणी कुरतडावी तशी दिसत होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, पण जिभेला धार. यंत्रातून बराच वेळ बघत राहिल्या.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आणि तीन आठवडे केलंत काय?"

"बिबडे केले," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्यांनी मान हलवली. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज आली होती. तिला वेळेवर औषध मिळालं नाही आणि बाहुली मागच्या भिंगाला चिकटून बसली. मी घातलेले थेंब वरची लाली झाकत होते, आत आग तशीच. हे सांगून झाल्यावर बाईंनी विचारलं, "पोट कसं असतं तुमचं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, मी डोळा दाखवायला आलेय. माझा डोळा चाललाय आणि तुम्ही मला शौचाला कसं होतं ते काय विचारता? त्या मुळीच चिडल्या नाहीत. पुन्हा तेच विचारलं. मग सांगावंच लागलं. पोट वर्ष-दीड वर्ष बिघडलेलं होतं. कधी महिनाभर पातळ, मग आठ दिवस बरं. सगळे म्हणायचे, शेवभाजीत तिखट कमी घाल.

"सकाळी कंबर आखडते?"

"मशीनवर बसते ना मी."

"मशीनवर बसून आखडलेली कंबर झोपल्यावर मोकळी व्हायला हवी. तुमची झोपून आखडते आणि काम केल्यावर सुटते. बरोबर?"

बरोबर होतं. मी नुसती मान डोलावली. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. त्यातले बहुतेक आपले, घरचे. अन्न पचवायला मदत करतात. शरीराचे जे राखणदार असतात, रोगाशी लढणारे, ते या घरच्यांना ओळखून असतात. काही माणसांत ही ओळख बिघडते. आतड्यात कुरबूर सुरू होते, राखणदार भडकतात, आणि भडकलेले राखणदार रक्तातून फिरत फिरत डोळ्यात शिरतात आणि तिथल्या चांगल्या-धडधाकट भागालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतात. कंबरेच्या सांध्यांवरही. म्हणजे पोट, कंबर आणि डोळा, तिन्ही ठिकाणी भांडण एकच. नेमकं कोणत्या जिवाणूमुळे आणि कसं होतं, यावर अजून शोध चालू आहे, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. "आणि ज्याला हे सगळं पक्कं माहीत आहे असा कुणी भेटला, तर त्याच्यापासून लांब राहा."

घरच्या माणसाला शत्रू समजून हाकलणारे राखणदार! मला हसावं का रडावं कळेना. आमच्या गच्चीवर हेच तर झालं होतं.

मी एकच गोष्ट दोनदा विचारून घेतली. हे दुसऱ्याला लागतं का?

"नाही. बघून नाही, हात लावून नाही, एका ताटात जेवून नाही. कुणालाच लागत नाही. घराण्यातून मात्र येऊ शकतं. येईलच असं नाही. पण तुमच्या मुलीचा डोळा कधी लाल झाला, दुखला, तर एक दिवससुद्धा थांबू नका. आणि ती बाटली फेकून द्या."

हो हो म्हणाले आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मला राग आला, आणि असा आला की रिक्षावाला आरशातून बघायला लागला. लागत नाही! मग मला पायरीवरची वाटी कशासाठी? मला खाली हाकलली कशासाठी? खाली हाकलली नसती तर मी डोळा लपवला नसता, आणि लपवला नसता तर आज माझी बाहुली गोल असती. घरी न जाता तडक अक्कांकडे गेले आणि जिन्यातच सगळं ओतलं. फक्त एक चूक केली, जंतू हा शब्द वापरला.

"मंग जंतूच शेतस ना!" अक्का म्हणाल्या.

"अहो पोटातले जंतू! तुमच्याही पोटात आहेत!"

"मना पोटमा काई नई शे."

आता काय कपाळ फोडायचं! मी म्हणाले, अक्का, ज्वारी तीन दिवस आंबते ती काय देवाच्या कृपेनं आंबते? जंतूंनीच आंबते. बादलीभर जंतू शिजवून तुम्ही वर्षभर आवडीनं तळून खाता, आणि माझ्या डोळ्यात एकही जंतू नसताना मला खाली पाठवता! अक्कांनी दार लावून घेतलं.

बातमी मात्र गल्लीभर झाली, आणि मग माझ्या पोटाला एक दिवस चैन मिळालं नाही. एक ताक घेऊन आली, दुसरी हिंग. धुळ्याचे माझे दीर, सगळे त्यांना नाना म्हणतात, ते फोनवर आलेला कुठलातरी संदेश वाचून एक चूर्ण घेऊन आले. वहिनी, म्हणे, पोट एकदा खडखडीत धुऊन काढा आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब बंद करा, रोग मुळापासून जाईल. पक्कं सांगतो. पक्कं शब्द ऐकताच मी चूर्णाची पुडी मोरीत ओतली. नाना न जेवता गेले, जाऊ देत. मी थेंब घालत राहिले. आधी तासातासाला, मग दिवसातून चारदा, मग डॉक्टरीणबाई सांगतील तसं एकेक कमी करत. कंबरेसाठी आणि पोटासाठी दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्या लागल्या. पोट बरं राहू लागलं. डोळा थांबला, पण गेलं ते परत आलं नाही.

दिवाळीनंतर अक्कांना मोतीबिंदू निघाला. त्या गेल्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे. तिथे त्यांनी माझ्याबद्दल विचारलं असावं, कारण परत आल्यावर दारातूनच मला म्हणाल्या, "यंदा तू ये." बस, इतकंच. चुकलं वगैरे काही नाही. पण मी जिंकले होते, आणि जिंकल्याचं मी घरात उठता-बसता बोलून दाखवलं. मुलीला म्हणायचे, यंदा आपण दोघी बसायचं वर, शेजारी शेजारी. तुला पण थापायला शिकवते. बघू कोण आपल्याला खाली पाठवतं! पोर हसायची. सुया ओवत असायची आणि हसायची.

यंदा एप्रिलमध्ये अक्कांच्या दिवशी आम्ही दोघी वर गेलो. पहिला गोळा माझ्यापुढे आला. एका डोळ्यानं जाडी नीट समजत नाही, पण हात विसरला नव्हता. चार-पाच थापून झाले तेव्हा लक्षात आलं, मुलगी शेजारची जागा सोडून समोर जाऊन बसलीये. उन्हाकडे पाठ करून. वाटलं, रंगाला जपतेय. वीस वर्षांची आहे, जपणारच. मग तिनं डोळा खांद्याला पुसला. बाजूची म्हणाली, मिरची लागली का गं? ती म्हणाली, हो काकू.

माझा हात थांबला.

तिनं वर बघितलं. डावा डोळा नेहमीसारखा होता. उजवा पांढरा होता, डाव्याहून पांढरा. तो पांढरा रंग जगात मला जितका माहीत आहे तितका कुणाला नसेल. मी उठले, घाट्यानं भरलेल्या हातानंच तिची हनुवटी धरली आणि तिला पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओढली.

"कधीपासून?"

"परवापासून."

"दुखतोय?"

तिनं हो म्हणून मान हलवली. मग मी काय काय बोलले, मलाच धड आठवत नाही. अक्कांना बोलले. तुमच्या बिबड्यांना आग लागो म्हणाले. पदर तोंडाला लावणाऱ्या एकेकीचा उद्धार केला. पातेल्यात घाटा गार होत होता. शेवटी मुलीचा दंड धरून म्हणाले, "बाटली कुठल्या दुकानातून आणलीस? त्याच ना? नाव सांग फक्त, आत्ता जाऊन त्याच्या काचा फोडते."

तिनं कमरेतून बाटली काढून माझ्या हातात दिली. लेबल घासलेलं, टोपण चिरलेलं.

"दुकानातून नाही आणली, आई. तुझ्या मशीनच्या खणात होती. बॉबिनांच्या मागे."

माझीच बाटली होती ती. फेकून द्या म्हणून सांगितलं होतं आणि मी फेकली नव्हती. का नव्हती फेकली? मला नीट ठाऊक आहे. पुन्हा कधी बिबड्यांच्या दिवशीच डोळा लाल झाला तर असू दे जवळ, म्हणून. एक डोळा गेल्यावरही!

"तू दिवाळीपासून म्हणत होतीस ना, आपण दोघी," पोर म्हणाली. "मला खाली पाठवलं असतं तर तूही भांडून खाली आली असतीस. म्हटलं, एवढा एक दिवस जाऊ दे."

आता ओरडायला माझ्यासमोर कुणी उरलं नव्हतं.

त्याच जिन्यानं मी तिला खाली नेली. रिक्षाच्या दांडीला घाटा लागला, दवाखान्याच्या दाराला लागला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यात थेंब घातले, आम्हाला बाकावर बसवलं, पुन्हा घातले, आणि मग आत बोलावून यंत्रातून बघितलं. मी मागे उभी होते.

"सूज आहे. पण दोनच दिवस झालेत, बाहुली चिकटलेली नाही." त्यांनी मला पुढे बोलावलं. "बघा तुम्हीच."

मी डाव्या डोळ्यानं बघितलं. तिची बाहुली उघडली होती, मोठी, काळीभोर, सगळीकडून गोल. मी बाईंसमोरच रडले. त्यांनी माझी मूठ सोडवून बाटली काढून घेतली आणि स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकली. माझी बोटं घाट्यानं कडक झाली होती, पटकन उघडत नव्हती.

बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी जवळचं दिसत नाही. म्हणून त्या आठवड्यात मुलीला सुया ओवता येणार नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसले आणि एका डोळ्यानं पहिली सुई ओवायला घेतली. दोरा कधी अलीकडून जायचा, कधी पलीकडून. ती पलंगावर काळा चष्मा लावून पडली होती, म्हणाली, "आई, कुणाला शिव्या देतेयस?"

"मला," म्हटलं, आणि दोऱ्याचं टोक पुन्हा तोंडात ओलं केलं.